अकराव्या बाईची नोंद

ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी समोर चौदा सिस्टर बसल्या होत्या आणि एकीनंही टॅब बाहेर काढला नव्हता. सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या, पिशव्यांवर दोन्ही हात. मी म्हटलं, "काढा ना टॅब, आपण चालू करून बघूया." कुणी हललं नाही. मागून एक आवाज आला, "मॅडम, आधी सांगा, हे चालू केलं की वर कुनाला दिसतं?"

मी लगेच उत्साहात सांगितलं, "सगळ्यांना! म्हणजे तालुक्याला, जिल्ह्याला, तुम्ही किती वाजता नोंद केली, कुठून केली, सगळं!"

झालं. चौदाच्या चौदा पिशव्या आणखी घट्ट धरल्या गेल्या.

मी वलवणची. पुण्यात आरोग्य माहितीचा कोर्स करते, म्हणजे पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर कशा ठेवायच्या, त्यातल्या चुका कशा शोधायच्या, हे दुसऱ्यांना कसं शिकवायचं. शेवटचे सहा महिने फिल्डवर काढायचे होते. मला कामशेतच्या पुढं, पवनेच्या रस्त्यावरचं आरोग्य केंद्र मिळालं. त्याच्याखालच्या उपकेंद्रांतल्या सिस्टरना गरोदर मातांच्या नोंदीचं ॲप शिकवायचं आणि सोबत एक प्रोजेक्ट करायचा. माझा प्रोजेक्ट होता खोट्या नोंदी पकडायच्या. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. लपवायचं कशाला, असं मला वाटलं होतं.

त्या दिवसापासून मी आत आले की बोलणं थांबायचं. चहा यायचा, पण माझा कप वेगळा, बशीसकट. बशी म्हणजे मान नव्हता हो. बशी म्हणजे परकी.

त्यातल्या एका सिस्टरबद्दल सांगायचंय. पन्नाशीच्या पुढच्या, कपाळ कोरं, केस घट्ट बांधलेले, येताजाता लोकांना "जयभीम" घालणाऱ्या. बावीस वर्षं कंत्राटावर. दरवर्षी नवीन ऑर्डर निघते, ती निघेपर्यंत दरवर्षी जीव टांगणीला. ट्रेनिंगमध्ये त्या सगळ्यात मागं बसायच्या आणि सगळ्यात आधी शिकायच्या. पहिल्या दिवशीचा तो "वर कुनाला दिसतं" हा प्रश्न त्यांचाच होता. टॅबवर लिहायच्या आधी त्या एका कच्च्या वहीत पेन्सिलीनं लिहायच्या. मी म्हटलं, "सिस्टर, आता वही कशाला? डायरेक्ट टॅबवर लिहा ना."

"टॅबवर खोडता येतं का?"

"येतं की."

"आनि मंग खोडलेलं कोन बगतं?"

मी मनात नोंद केली: या बाईला खोडायची फार काळजी.

एकदा संशय घुसला ना डोक्यात, की सगळंच त्याच्यावर बसायला लागतं. त्या वही पिशवीत ठेवायच्या, पिशवी पायाशी घ्यायच्या, बाथरूमला जाताना पिशवी सोबत. मी बघत बसायचे.

मग एका शनिवारी मी कॉलेजला पुण्याला चालले होते. गाडीत लॅपटॉप मांडीवर. कोर्समध्ये शिकलेला नियम मी नोंदींवर चालवून बघत होते. नियम साधा होता. गरोदर बाईची पहिली नोंद सातव्या महिन्यात किंवा नंतर झालीय, आधीच्या सगळ्या तपासण्या एकाच दिवशी भरल्यात, आणि मोबाईल नंबर दुसऱ्या कुणाच्या नोंदीतही आहे किंवा नोंदवणाऱ्या सिस्टरचाच आहे, तर ती नोंद संशयास्पद. सगळ्या उपकेंद्रांत मिळून एकोणीस निघाल्या. त्यातल्या अकरा एकट्या या सिस्टरच्या!

मला आठवतंय, गाडी घोरावाडी स्टेशनात थांबली होती. सापडलं! प्रोजेक्ट झाला! बोटं थांबेनात. फोन काढला, ट्रेनिंगच्या ग्रुपवर टाईप केलं, "एकाच उपकेंद्रात अकरा बोगस गरोदर माता सापडल्या. स्क्रीनशॉट जोडलाय." पाठवून टाकलं. गाडी सुटायच्या आत.

ग्रुपवर आरोग्य केंद्राचे डॉक्टर होते. माझे कॉलेजचे सर होते. सगळ्या सिस्टर होत्या. स्क्रीनशॉटमध्ये वर उपकेंद्राचं नाव स्पष्ट दिसत होतं.

तळेगाव मागं पडलं होतं, देहूरोड यायच्या आत डॉक्टरांचा फोन. "हे मला तालुक्याला कळवावं लागेल. त्यांच्या ऑर्डरची फाईल माझ्याच टेबलवर आहे, शिफारस लिहायची होती आज. आता थांबवतो." मी म्हटलं, "सर, संशयास्पद लिहायचं होतं, बोगस नाही." ते म्हणाले, "मग बोगस का लिहिलंत?"

घाईत. असं सांगता येतं का?

मेसेज पुसला. पुसून काय होतं? सगळ्यांनी वाचलेला होता.

सिस्टरचा फोन आला नाही. मेसेजही नाही. मला वाटलं आता भांडतील, रडतील. काहीच नाही, आणि त्यानं माझा संशय आणखी पक्का झाला. खरी असती तर बोलली असती ना!

सोमवारी ट्रेनिंगला गेले तर त्या सगळ्यात पुढच्या खुर्चीत. मी फळ्यावर तारीख लिहीत होते तेवढ्यात माझ्या पाठीमागून म्हणाल्या, "मॅडम, माझ्या अकरा बाया बोगस हायेत म्हनं."

मी खडू ठेवून वळले.

"सिस्टर, मी तसं..."

"न्हाई न्हाई, चांगलं झालं. बावीस वर्सांत कुनी मोजल्या न्हाईत. चला मोजायला. स्कूटीवर बसता येतं का? का स्क्रीनशॉटच काढता येतो?"

सगळ्या हसल्या. पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या, आणि माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या स्कूटीवर मागं. कार्तिक चालू होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापून पडलेलं, कुठं कुठं झोडणी चाललेली, तुसानं डोळे चुरचुरत होते. मी मनातल्या मनात ठरवत होते की आता पहिल्या घरी कुणी नसणार, दुसऱ्या घरी "गावाला गेलीय" सांगणार.

पहिल्या घरी ओसरीवर बाई होती. आठव्या महिन्याचं पोट, हातात चिंच, पाय सुजलेले. मी टॅबवर नाव बघून हाक मारली. तिनं बघितलंच नाही! मी सिस्टरकडं बघितलं, म्हटलं पकडलं. सिस्टरनी दुसऱ्याच नावानं हाक मारली आणि ती लगेच उठली.

"हे नाव वेगळंय," मी म्हटलं.

"ते सासरचं. लग्नात बदललं. त्या नावानं ह्या गावात कोन हाक मारनार तिला?" सिस्टर म्हणाल्या. "पयलं बाळंतपन हाय. सातव्यात डोहाळजेवन झालं आन माहेरी आली. सासर मुळशीत. तितल्या सिस्टरला मी फोन केला, पयल्या तपासन्या काय काय झाल्या ते इचारून वहीत लिवलं. रेंज आली तवा टॅबवर चढवलं. एकाच दिवशी. मंग काय रोज एक एक चढवू, तुमाला खरं वाटावं म्हनून?"

नंबर यादीतल्या दुसरीच्या नोंदीतही होता, कारण घरात फोन एक. तिची धाकटी बहीणही माहेरी आलेली, तीही गरोदर. माझ्या यादीतल्या पहिल्या दोघी एकाच ओसरीवर बसून चिंच खात होत्या.

त्यांची आई आतून आली. मी टॅब बघतेय, पोटाकडं बघतेय, परत टॅब बघतेय. ती मधे उभी राहिली.

"सिस्टर, ह्या बाई कोन? कवाच्यान बगत्यात पोराटीच्या पोटाकडं."

"ह्या तपासायला आल्यात मावशी, की पोट खरं हाय का."

"आँ?"

"खरं हाय का उशी बांधलीय, ते."

मावशीनं माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पायऱ्या खाली उतरले. "बया, तुजं लगीन झालंय का? न्हाई? मंग तुला काय कळनार. दीठ लावू नगंस, जा."

मला काय लाज वाटली सांगू! कारण मला कळायला हवं होतं. माझी सख्खी ताई दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात वलवणला आली होती. तिची फाईल सासरी राहिली होती, आणि आमच्या इथल्या सिस्टर आईला विचारून विचारून मागचं सगळं लिहीत होत्या. मी शेजारी बसून शेंगा खात होते! तरी मी पुस्तकातला नियम उचलला आणि मावळातल्या बायकांवर चालवला. ज्या देशात लिहिला असेल तिथं बाई सातव्या महिन्यात आईकडं जात नसेल. आमच्याकडं न गेली तर लोक विचारतात, काय झालं?

संध्याकाळपर्यंत दहा बायका बघितल्या. दहाच्या दहा खऱ्या. नववीच्या घरी आम्हाला भाकरी आणि सुकटाची चटणी मिळाली. दहावीनं मला विचारलं की ॲपवर मुलगा का मुलगी दिसतं का, आणि सिस्टरनी तिला माझ्यासमोर झाडली. परत येताना मी म्हटलं, "सिस्टर, एक राहिली."

"अकरावी राहू द्या."

स्कूटीचा वेग बदलला नाही, पण त्यांची पाठ एकदम ताठ झाली. मी मागं बसलेली, मला दिसलं ना.

टॅबवर अकरावीची नोंद उघडली. ओळखपत्राचा नंबर रिकामा. नवऱ्याचं नाव रिकामं. पत्ता नुसता डोंगरावरच्या वाडीचा. आणि मोबाईल नंबर सिस्टरचा स्वतःचा! झालं, संशय परत जागा. दहा खऱ्या दाखवल्या त्या हीच एक खोटी झाकायला, असंच वाटलं. मी म्हटलं, "दहा बघितल्या असं लिहू का मग रिपोर्टमध्ये? तालुक्यातून विचारतील अकरावी कुठाय."

त्यांनी स्कूटी बाजूला घेतली. उतरल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमी लय पटापट लिवता. म्हनून सांगत न्हाई."

मीही स्कूटीवरून उतरले.

"ऑर्डर तुमची आहे सिस्टर," मी म्हटलं. "मी नाही लिहिलं तरी दुसरं कुणीतरी येईल विचारत."

"ते म्हाईत हाय मला. बावीस वर्सं म्हाईत हाय."

त्यांनी पिशवी खांद्यावर नीट घेतली. मग म्हणाल्या, "उद्या या. चालावं लागंल. टॅब पिशवीत राहील, फोन बंद."

वाडीपर्यंत तासभर चढ. वर आठ-दहा घरं, कुडाच्या भिंती, अंगणात भात पसरलेलं. एक बाई सुपानं पाखडत होती. आम्हाला बघितलं, म्हणजे मला बघितलं आणि सूप तिथंच टाकून आत. दार ओढून घेतलं.

सिस्टर दाराशी जाऊन हळू बोलल्या. आतून आवाज: "कोन हाय ती? फोटू काढती का?"

"न्हाई काढत."

"त्यानं धाडली का?"

"न्हाई गं. पोरगी हाय, शिकाऊ हाय."

दार चार बोटं उघडलं. एक डोळा दिसला, आणि खाली पोट. सात महिन्यांचं तरी नक्की. मी काही बोलायच्या आत दार बंद.

उतरताना सिस्टरनी सांगितलं, तेही मोजून-मापून. तिचं पहिलं लग्न घाटाखाली झालेलं. तो मारायचा. ती पळून वर आली, आता या वाडीतल्या एका माणसाबरोबर राहते. वाडीला ते मान्य आहे, तिच्या माहेरानं आणि त्याच्या घरानं वाडीला जेवण घातलंय, म्हणजे लग्नासारखंच. पण तिचं ओळखपत्र त्या पहिल्या घरात, त्यावर त्याचं नाव, त्याला जोडलेला मोबाईल त्याचा. ॲपवर ओळखपत्राचा नंबर टाकला की तपासणीचा मेसेज कुणाला जातो?

"त्याला," मी म्हटलं. तो मेसेज कसा आपोआप जातो हे मीच शिकवलं होतं. टाळ्या मिळतील असं वाटलेलं मला त्या दिवशी.

"कुटल्या उपकेंद्रात, कुटल्या तारखेला, सगळं जातं. म्हंजे पत्ताच दिला की आपन. म्हनून सातव्यापत्तर नुसतं वहीत ठिवलं, मंग तिचं ल्हानपनचं नाव घातलं आन माजा नंबर. चूक हाय, मला म्हाईत हाय. लिवा तुमी काय लिवायचं ते."

खरं सांगू? तेव्हाही माझा पूर्ण विश्वास बसला नाही. एक डोळा आणि एक पोट बघितलं मी. गोष्ट सगळी सिस्टरच्या तोंडून. ज्या बाईची ऑर्डर अडकलीय तिच्या तोंडून.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: अकराही माता प्रत्यक्ष पाहिल्या. अकरावीची ओळख तिच्या सुरक्षिततेसाठी नोंदवलेली नाही. या वेळी पाठवायच्या आधी चार वेळा वाचलं. मग तालुक्याच्या मीटिंगला बोलावणं आलं, मला आणि सिस्टरना दोघींनाही.

तालुका आरोग्य अधिकारी साहेबांनी माझा जुना स्क्रीनशॉट प्रिंट काढून ठेवला होता. शेजारी नवा रिपोर्ट.

"आधी बोगस म्हणता. आता खऱ्या म्हणता. मधे काय झालं?"

"सर, मी जाऊन बघितलं."

"कुणाबरोबर गेलात?"

"सिस्टरबरोबर."

"कुणाच्या गाडीवर?"

"सिस्टरच्या."

"जेवलात कुठं?"

साहेब सिस्टरकडं वळले. "अकरावीचं खरं नाव, ओळखपत्राचा नंबर द्या. मी दुसरी सिस्टर पाठवून खात्री करतो."

"न्हाई देनार साहेब."

"ऑर्डर नकोय का?"

"पायजे. पन न्हाई देनार."

आवाज चढवला नाही त्यांनी. हात पिशवीवरच होता. मला एकदम वाटलं, या बाईला खोटंच करायचं असतं तर एखादं नाव देऊन मोकळी झाली असती. तोंडातून निघून गेलं, "सर, मेसेज त्या माणसाच्या फोनवर जातो. ॲपमध्ये तो थांबवायची सोयच नाहीये. ही ॲपची आणि आमची चूक आहे, त्यांची नाही."

साहेबांनी माझ्याकडंही तसंच बघितलं, जसं आधी फक्त सिस्टरकडं बघत होते. म्हणाले, "ठीक आहे. पोट खरं असेल तर बाळंतपण होईल. प्रसूतीची नोंद येऊ दे, मग शिफारस." फाईल बंद.

दोन महिने सिस्टरनी ऑर्डर हातात नसताना काम केलं. ट्रेनिंगला यायच्या, शिकायच्या, मला काही विचारायच्या नाहीत. मी कॉलेजच्या सरांकरवी ॲप बनवणाऱ्यांना लिहिलं, की मेसेज बंद करायचं बटण द्या. उत्तर आलं, "सूचना नोंदवली आहे." रोज सकाळी मी अकरावी नोंद उघडायचे. अंदाजे तारीख आली. गेली. नोंद लाल झाली: प्रसूती माहिती बाकी. एक दिवस, तीन दिवस, सहा दिवस. सातव्या दिवशी मी सिस्टरला फोन केला, त्यांनी उचलला नाही, आणि माझ्या मनात काय काय आलं ते लिहायला लाज वाटते. फसवलं आपल्याला, असंच आलं.

आठव्या दिवशी दुपारी नोंद भरलेली दिसली. मुलगी. वजन दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम.

मी तशीच वडगावला, तालुक्याच्या ऑफिसात गेले. साहेबांनी टॅब हातात घेतला, आकड्यावर बोट ठेवलं आणि पहिल्यांदा हसले. ते स्वतः पूर्वी आरोग्य केंद्रावर होते. "मी इतकी वर्षं रजिस्टर बघतोय. ज्याला खोटं लिहायचंय तो अडीच किलो लिहितो. सगळे अडीच लिहितात. अडीचच्या खाली लिहिलं की बाळ कमी वजनाचं, मग वेगळा फॉर्म, घरी जास्तीच्या फेऱ्या, दर वेळी वजन. आपल्याच गळ्यात काम कोण बांधून घेईल? तेही तासभर डोंगर चढून?"

त्यांनी फाईल मागवली आणि सही केली. माझ्यासमोर. "ग्रुपवर टाकू नका," म्हणाले. मी नाही टाकलं. उपकेंद्रावर जाऊन सिस्टरना सांगितलं. त्या सीरिंज मोजत होत्या. "बरं," म्हणाल्या आणि मोजणी परत पहिल्यापासून सुरू केली.

मग थोड्या वेळानं, "गुरवारी वजनाला जायचंय वर. येत असाल तर या."

आम्ही गेलो. काटा आढ्याला टांगायचा, खाली कापडाची झोळी, झोळीत बाळ. बाई उंबऱ्यात बसली होती, या वेळी दार पूर्ण उघडं, पण मी जवळ गेले तसा तिनं बाळाच्या तोंडावर पदर ओढला. मी हात पुढं केले तर तिनं बाळ सिस्टरकडं दिलं. माझ्याकडं बघितलं, परत बघितलं, आणि मग रिकामी झोळी उचलून माझ्या हातात दिली. धर, म्हणाली.

मी झोळी उघडी धरली. सिस्टरनी बाळ ठेवून झोळी काट्याला अडकवली, मी हात न टेकवता खाली धरले. काट्याचा आकडा मी मोठ्यानं वाचला, दोन किलो चारशे दहा, आणि सिस्टरनी तो पेन्सिलीनं वहीत लिहिला. बाई माझ्या हाताकडं बघत होती, बाळ बाहेर काढेपर्यंत.